अक्काच्या हाताचा इश्तिहार

अफझलगंजच्या वळणावर एक बैल आडवा आला आणि बसनं असा गचका दिला, की दांडा धरून उभे असलेले मुकुंदराव जागच्या जागी अर्धे फिरले. दांडा त्यांनी सोडला नाही; तिथंच चुकलं. सोडला असता तर शेजारच्या लठ्ठ अत्तरवाल्याच्या अंगावर पडले असते, दोन शब्द ऐकून घेतले असते आणि प्रकरण मिटलं असतं. पण सचिवालयात उभी हयात कागद सांभाळण्यात घालवलेल्या माणसाला हातातली वस्तू सोडायची सवयच नसते. उजव्या खांद्यात आत कुठंतरी काहीतरी सरकलं. डोळ्यांपुढं क्षणभर नुसतं पांढरं झालं आणि त्या पांढऱ्यात ड्रायव्हरचा आवाज तेवढा ऐकू आला. तो खिडकीतून डोकं बाहेर काढून बैलाला, बैलाच्या मालकाला आणि मालकाच्या खानदानाला मनापासून बोलत होता. माणसं हसली, बस पुढं निघाली. मुकुंदराव उतरले तेव्हा मुसी नदीवरून वारा येत होता, कुणीतरी ओरडून सीताफळं विकत होतं, सगळं रोजच्यासारखं होतं. फक्त छत्री उजव्या हातात घेता येईना. गौलीगुड्यातल्या दुसऱ्या कुणाचं असं झालं असतं तर तो तडक एका दाराशी गेला असता, आणि ते दार मुकुंदरावांच्याच घराचं होतं. तिथं बाहेरच्या खोलीत त्यांची थोरली बहीण गंगूअक्का पाटावर बसून लोकांचे मुरगळलेले पाय, लचकलेल्या कमरा आणि अवघडलेले खांदे सरळ करायची. मुकुंदराव घरी आले तेव्हा ती कुणाच्या तरी घोट्याला तेल लावत होती. ते तिच्या बाजूनं आत गेले, कोटाची बटणं डाव्या हातानं सोडली आणि काही बोलले नाहीत.

न बोलण्याचं कारण त्याच कोटाच्या खिशात होतं. घडी घातलेला एक कागद. त्यावर वर 'इश्तिहार' एवढंच लिहिलेलं आणि खाली सगळं कोरं. हा इश्तिहार अक्काचा, तिच्या कामाची जाहिरात. तिनंच तो मागितला होता आणि मागताना भावाच्या तोंडाकडे न बघता तांदूळ निवडत राहिली होती. हैदराबाद राज्य मोडायचं ठरलं होतं. नोव्हेंबर लागला की त्याचे तीन तुकडे तीन राज्यांत जाणार होते, आणि कचेऱ्यांतली कपाटं, टेबलं, माणसं यांचीही वाटणी होऊन गेली होती. मुकुंदराव मुंबई राज्याच्या वाट्याला आले होते. औरंगाबादला हजर व्हायचं होतं. मुलगी गुलबर्ग्याला दिलेली, ती जागची न हलता म्हैसूर राज्यात चालली होती. आणि अक्का म्हणाली, मी इथंच राहते. "एका घराचे तीन प्रांत झाले की हो," असं त्यांची बायको इंदुमती हसत हसत म्हणाली आणि मग डोळ्यांना पदर लावून आत गेली. मुकुंदरावांना वाटलं होतं, हा चार दिवसांचा हट्ट आहे. पण अक्कानं घरमालक केशवरावांशी परस्पर बोलून बाहेरची खोली आणि मागची चूल स्वतःकडे ठेवून घेतलीसुद्धा. अडचण एकच होती. तिच्याकडे येणारी माणसं म्हणजे बहुतेक आसपासची मराठी कारकून मंडळी, त्यांच्या बायका, त्यांच्या म्हाताऱ्या आया. आणि ती सगळी बिऱ्हाडं बांधून निघाली होती. त्यांच्या जागी कर्नूलच्या कचेऱ्यांतली तेलुगू माणसं येत होती, ज्यांना गंगूबाई कोण हे ठाऊक नव्हतं. "जन्मभर सरकारचे कागद लिहिलेस," अक्का म्हणाली होती, "माझा एक लिही. उर्दूतबी लिही, तेलुगूत कुणाकडून तरी करून घे. लोकांना कळलं तर मी इथं राहीन. नाही कळलं तर येईन तुझ्या मागं, काय करणार?" शेवटचं वाक्य तिनं सहज म्हटलं, पण मुकुंदरावांच्या मनात ते जाऊन बसलं. इश्तिहार चांगला झाला तर अक्का राहणार होती. वाईट झाला तर त्यांच्याबरोबर येणार होती. आणि लिहिणारे ते स्वतः होते.

जेवताना घास तोंडापर्यंत न्यायचा तर कोपर बरगडीला चिकटवून ठेवावं लागलं. अक्का वाढत होती. तिनं एकदा बघितलं, पानात भाकरी टाकली आणि पुढं गेली. विचारायचं नाही हा तिचा नियमच होता. तिचा म्हणण्यापेक्षा तिच्या सासूचा. अक्काला देगलूरला दिली होती आणि लग्नानंतर थोड्याच वर्षांत तिचा नवरा तापानं गेला. सासूनं तिला माहेरी धाडलं नाही. जवळ बसवलं आणि आपल्या हातातलं सगळं तिच्या हातात घातलं. सासू गेल्यावर अक्का एक ट्रंक आणि तेलाची बाटली घेऊन भावाकडे आली ती हे नियम बरोबर घेऊनच. दुखणं आपण बोलवायचं नाही, ज्याचं त्यानं घेऊन यावं. बरं होईल असं वचन द्यायचं नाही. आणि हात लावून घेतला की त्या माणसानं निरोप घ्यायचा नाही, 'येतो' म्हणायचं नाही, मागं वळून बघायचं नाही. नाहीतर दुखणंही त्याच वाटेनं परत येतं. नव्या माणसाला हे विचित्र वाटायचं. इतका वेळ कण्हणारा, अक्काला आई-आई म्हणणारा माणूस उठायचा, चपला घालायचा आणि भांडण झाल्यासारखा निघून जायचा. मग कधीतरी देवळीत पैसे, ओट्यावर नारळ, कुणाची अंबाडीची जुडी असं येऊन पडलेलं असायचं. "वन्संकडे माणसं पाहुण्यासारखी येतात आणि चोरासारखी जातात," असं इंदुमती म्हणायची. घरच्यांना हे नियम कधी लागले नव्हते, कारण घरचं माणूस उठून जाणार कुठं? लहानपणी मुलीचं कोपर निखळलं तेव्हा अक्कानं ते बसवलं आणि पोर तशीच तिच्या मांडीवर झोपून गेली. मुकुंदरावांना मात्र मोठेपणी अक्काचा हात कधी लागला नव्हता. काही दुखलं तर ते डॉक्टरकडे जाऊन पांढऱ्या गोळ्या आणायचे. पूर्वी थोडी लाजही वाटायची, सचिवालयातल्या माणसाची बहीण बसवाल्यांचे पाय चोळते म्हणून. ती लाज केव्हा गेली ते त्यांनाही कळलं नाही. आता भीती वेगळीच होती. तिचा हात खांद्याला लागला तर आपल्याला रडू येईल, आणि रडता रडता आपण म्हणू, अक्का, मला सोडून राहू नकोस. पन्नाशी उलटलेल्या, नात पाळण्यात असलेल्या माणसानं असं म्हणणं बरं दिसत नाही.

तो हात त्यांना पाठीवर आठवायचा. आई लवकर गेली, वडील मोंढ्यावरच्या, धान्यबाजारातल्या, नोकरीत, आणि लहानग्या मुकुंदाला पाठीवर अक्काचा हात असल्याशिवाय झोप लागायची नाही. हात काढला की जाग यायची आणि मग रडणं. अक्का तेव्हा स्वतःच केवढीशी होती. तिलाही झोप यायची, तिलाही हात सोडवून घ्यायचा असायचा. मग ती हळूच विचारायची, "मुकुंदा, आज काय काय जेवलास रे?" मुकुंदा सांगायला लागायचा, वरण, भात, लोणच्याची फोड, आणि सांगता सांगता कधी झोपायचा आणि पाठीवरचा हात कधी जायचा ते त्याला कधी समजलं नाही. सकाळी उठून तो तिच्यावर रागवायचा. आज इतक्या वर्षांनी कचेरीत बसल्या बसल्या, पुढ्यात वाटणीच्या याद्या मराठीत तर्जुमा करायला पडलेल्या असताना, मुकुंदरावांना तोच राग पुन्हा आला. त्यांना हसूही आलं. शेजारच्या टेबलावरच्या माणसानं विचारलं, काय झालं, तर ते म्हणाले, काही नाही, खांदा धरलाय.

पहिला मसुदा त्यांनी तिथंच, सरकारी शाईनं लिहिला आणि घरी येऊन अक्काला वाचून दाखवला. 'सर्व संबंधितांच्या माहितीसाठी प्रसिद्ध करण्यात येते की, गौलीगुडा येथील श्रीमती गंगूबाई यांजकडे सांधे, स्नायू इत्यादींविषयीच्या तक्रारी दररोज सकाळी स्वीकारण्यात येतील व त्यांवर योग्य ती कार्यवाही करण्यात येईल.' अक्का ऐकत राहिली. मग म्हणाली, "हे वाचून कुणी यायचं न्हाई रे. आलाच तर अर्ज घेऊन येईल." इंदुमती आतून फिस्सकन हसली. मुकुंदरावांना वाईट वाटलं, कारण त्यांना खरोखरच दुसरं काही सुचलं नव्हतं. फर्मानं, नोटिसा, परिपत्रकं यांपलीकडे त्यांच्या लेखणीनं जग पाहिलं नव्हतं. मग ते ईर्ष्येनं पेटले. अफझलगंजच्या भिंतीवरचे धातुपुष्टीच्या गोळ्यांचे, केस वाढवणाऱ्या तेलांचे इश्तिहार उभे राहून वाचले आणि दुसरा मसुदा केला. त्यात 'अद्भुत' होतं, 'रामबाण' होतं, 'एका स्पर्शात वर्षांचं दुखणं गायब' होतं, आणि शेवटी 'आजच या, उद्या पस्तावाल' होतं. अक्कानं विचारलं, "ही कोण बाई?" "तू," मुकुंदराव म्हणाले. "मला भेटव एकदा," अक्का म्हणाली, "माझे गुडघे दाखवते तिला." मग हसू पुसून म्हणाली, "असं न्हाई लिहायचं मुकुंदा. 'या' म्हणायचं नाही, 'बरं करते' म्हणायचं नाही. मी म्हणत नाही तर माझ्या नावाच्या कागदानं का म्हणावं?" आता बोलवायचं नाही, वचन द्यायचं नाही, तर इश्तिहार लिहायचा कशाचा? मुकुंदराव चिडले. चिडताना खांदा उडवायला गेले आणि कळ डोक्यात गेली. अक्काची नजर क्षणभर त्या खांद्यावर थांबली. मग तिनं शेंगा सोलायला घेतल्या. "औरंगाबादला काय कमी आहे ग तुला?" मुकुंदराव न राहवून म्हणाले. "कमी काय?" अक्का म्हणाली, "तिकडं मी मुकुंदरावांची विधवा बहीण. इंदूला पोळ्या लाटू लागेन, नात आली की खेळवीन. तेबी चांगलंच आहे. पण इथं मी कुणाची कोण, हे कुणी विचारत न्हाई. येतात आन् हात पुढं करतात." ती हे शांतपणे म्हणाली, आणि मुकुंदरावांना त्या शांतपणाचाच राग आला.

रविवारी ते बाहेरच्या खोलीत पेपर उघडून बसले होते. एक ड्रायव्हर आला. मान एका बाजूला, जणू कायम खिडकीबाहेर बघतोय. "अम्मा, गर्दन अकड गई. बायें को फिरतीच नै." अक्कानं पाट पुढं सरकवला. "कबसे बशीरमियाँ?" "वो रोज अफझलगंज पे बैल आ गया ना बीच में. ब्रेक मारा तो ऐसी लचक गई." मुकुंदरावांनी पेपर वर धरला. म्हणजे एकाच बैलानं दोन माणसं पाडली होती, आणि त्यातलं एक इथं पेपरामागं लपलं होतं. अक्कानं तळहातावर तेल घेतलं, दोन्ही हात एकमेकांवर चोळून गरम केले, बशीरच्या मानेवरून बोटं फिरवली. कितीतरी वेळ फिरवत राहिली. सांगायचं, विचारायचं काही नाही. बशीरचे डोळे मिटायला लागले. "मियाँ, आज घर में सालन क्या पका?" अक्कानं विचारलं. "सालन क्या अम्मा, वोइच बैंगन—" आणि बैंगनाच्या पुढं काय ते कुणाला कळलं नाही. कुटकन आवाज झाला, बशीरच्या तोंडाचा आ झाला, मग तो डावीकडे बघत होता. उजवीकडे बघत होता. अक्काला काही म्हणायला तोंड उघडलं, मग आठवलं, मिटलं. उठला, चपला घातल्या आणि मागं न बघता गेला. मुकुंदरावांनी हे असं शेकडो वेळा पेपरामागून ऐकलं होतं आणि एकदाही पाहिलं नव्हतं; आज पेपर नकळत खाली आला होता. माणूस भाजीचं नाव घेत असतो तेव्हा त्याचं सगळं लक्ष घरी, चुलीपाशी गेलेलं असतं. दुखरा सांधा तेवढ्यापुरता एकटा पडतो, आणि अक्का त्याला तेवढ्यात गाठते. हे लिहिलं तर कुणीही वाचील, मुकुंदरावांना वाटलं. आणि लगेच कळलं की हेच लिहिता येणार नाही. लिहिलं की लोक सावध होतील, आणि सावध माणसाचा सांधा बसत नाही.

त्या आठवड्यात त्यांनी आणखी मसुदे केले आणि फाडले. एक फारच थोडक्यात झाला, एकात पत्ता घालायचा राहून गेला. इंदुमती ट्रंकेत भांडी भरत होती, हात थांबवून ती म्हणाली, "अहो, एक सांगू? रागावणार नाही ना? तुम्ही हे मुद्दाम वाईट लिहिताय." मुकुंदराव म्हणाले, छे. "पत्ता राहतो कसा?" इंदुमती म्हणाली. "बावीस वर्षं राहिलात इथं. वन्संनी यावं असं मलापण वाटतं. मी काय एकटी पडणार नाही तिकडं? पण त्यांनी तुमच्याकडं काही मागितलंय का कधी? लुगडं मागितलं नाही, यात्रा मागितली नाही. हा एक कागद मागितला." तिनं पितळेच्या डब्यात डबा घातला आणि झाकण लावलं. मुकुंदरावांनी फाडलेल्या मसुद्यांचे तुकडे डाव्या हातानं गोळा केले. उजवा हात मांडीवर निर्जीव पडला होता. आपण चांगले भाऊ आहोत अशी त्यांची समजूत होती. तिला घर दिलं, मान दिला, कधी शब्दानं दुखवलं नाही. ते सगळं खरंच होतं. पण तिला आपल्याजवळ ठेवायचं म्हणून आपण तिच्या नावाचा कागद रोज थोडा थोडा बिघडवत होतो, हेही खरं होतं, आणि हे करणारा माणूस म्हणजे पाठीवरचा हात सोडायला तयार नसलेला तोच पोरगा होता. त्यांना त्या पोराची दया आली. त्याला रागवावं असं काही वाटेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी केशवरावांच्या नव्या भाडेकरूची बायको दारात उभी राहिली. कर्नूलहून आलेलं बिऱ्हाड, अजून सामान सोडायचं होतं, आणि ट्रंक उतरवताना हिचा हात लचकला होता. केशवरावांनीच पाठवली असणार. दारात उभी, आत यावं की नाही कळेना, डोळ्यांत पाणी. "अम्मा, चेय्यि नोप्पी," एवढंच म्हणाली, हात दुखतोय. अक्काला तेलुगू येतं असं मुकुंदरावांना माहीत नव्हतं, आणि खरं म्हणजे तिला येत नव्हतंही. ती मराठीतच "बैस, बैस बाई" म्हणत राहिली, आणि बाई बसली. तेलाचा वास आला. गरम तळहात मनगटावरून कोपरापर्यंत, कोपरापासून खांद्यापर्यंत जात येत राहिले. बाईचं हुंदके देणं हळूहळू श्वास घेणं झालं. कोट घालून कचेरीला निघालेले मुकुंदराव आतल्या दाराशी उभे होते. मग अक्कानं अगदी घरगुती आवाजात विचारलं, "ई रोजु कूर एमि, अम्मा?" आज भाजी काय? ती बाई चकित होऊन हसली. नव्या गावात, नव्या घरात, ज्याची चूलही अजून नीट पेटत नव्हती त्या घराबद्दल तिला कुणीतरी विचारत होतं. "वंकाय—" ती म्हणाली, आणि वांग्याचं नाव अर्धं तोंडात असतानाच तिचा हात बसला. मुकुंदराव दाराला टेकले. एवढा एकच प्रश्न अक्कानं कुठूनतरी शिकून घेतला होता; उर्दूत होता, तेलुगूत होता, कानडीतही असेल. कुणी यावं, कुठूनही यावं, तिला तेवढा पुरत होता. राज्यं कशीही कापा, माणसं भाजी करणारच होती. आपल्या अक्काला इथं काही होणार नाही, हे त्यांना त्या क्षणी पक्कं समजलं. बाईला निरोपाचा नियम ठाऊक नव्हता; ती हात जोडायला वळली तेव्हा अक्कानंच तिला खांद्याला धरून हलकेच दाराकडे फिरवलं.

कचेरीत पोचल्यावर त्यांनी कागद घेतला. उजवा हात टेबलावर ठेवून, डाव्या हातानं त्याला आधार देऊन, हळूहळू लिहिलं आणि एका दमात लिहिलं. संध्याकाळी अक्कापुढं बसून वाचलं: 'गौलीगुड्यात, केशवरावांच्या घरात, बाहेरच्या खोलीत गंगूबाई राहतात. लचक, मुरगळ, धरलेली मान, अवघडलेला खांदा, बाळंतिणीची कंबर पाहतात. मोडलेलं हाड पाहत नाहीत. त्याला नदीकाठच्या मोठ्या दवाखान्यात पाठवतात. हात आधी गरम करून घेतात. दुखणार असेल तर तसं सांगतात. कुठलीही भाषा चालते. दार सकाळपासून उघडं असतं.' तिनं पुन्हा वाचायला सांगितलं. दुसऱ्यांदा ऐकताना ती आपल्या तळहातांकडे बघत होती, दुसऱ्या कुणाचे असावेत तसे. मग म्हणाली, "एक खोटं आहे त्यात." "काय?" "दुखणार असेल तर सांगतात. कधी सांगते मी?" दोघंही हसले, आणि मुकुंदरावांनी ते वाक्य खोडून त्या जागी 'बोलता बोलता पाहतात' असं घातलं. "आता बरोबर," अक्का म्हणाली. आणि थोड्या वेळानं, अगदी हळू, "तुला सगळं ठाऊक आहे की रे माझं." मुकुंदराव म्हणाले, "पेपर वाचता वाचता ऐकत होतो." अफझलगंजच्या छापखान्यात हणमंतरावांनी मजकूर वाचून भुवया चढवल्या. "यात 'अवश्य या' कुठाय? शेवटी टाकून देतो, माझ्याकडून." "टाकू नका," मुकुंदराव म्हणाले. तेलुगू मजकूर त्यांच्या कचेरीतल्या सोबत्यानं करून दिला, उर्दू त्यांनी स्वतः केला, आणि छापलेला गठ्ठा बशीरमियाँ बसच्या अड्ड्यावर वाटायला घेऊन गेला. त्याला मात्र त्यात अक्काची पुरेशी तारीफ नाही असं वाटलं, म्हणून तो प्रत्येकाला कागद देताना स्वतःची मान दोन्ही बाजूंनी फिरवून दाखवायचा.

निघायचा दिवस दिवाळीच्या तोंडावर आला. भाऊबीज यंदा कशी करायची, हा विषय घरात कुणीच काढला नव्हता. दुपार उतरताना दाराशी रिक्षा उभी राहिली. काचीगुड्याहून मनमाडची गाडी होती. जड सामान आधीच गेलं होतं. इंदुमती अक्काच्या पाया पडली, रडली, पुन्हा पडली, आणि जेवणाचा डबा मांडीवर घेऊन रिक्षात जाऊन बसली. मुकुंदराव बाहेरच्या खोलीत उभे होते. खोली आता मोठी वाटत होती. पाट, तेलाची बाटली, देवळीत इश्तिहाराचा एक कागद. काय वाटलं कुणास ठाऊक, त्यांनी कोट उतरवला, पाटावर बसले आणि म्हणाले, "अक्का, माझा खांदा बघ."

अक्का उभीच राहिली. "बैल आडवा आला त्या दिवशीपासून ना?"

"तुला माहीत होतं?"

"तू छत्री डाव्या हातात घेऊन आलास. मला दिसत न्हाई का?"

"मग बोलली का नाहीस ग महिनाभर?"

"मी बोलवत नसते," अक्का म्हणाली. तिचा आवाज जरा हलला. "रोज वाट बघत होते. आज दाखवील, उद्या दाखवील. केवढा हट्टी तू."

"आता दाखवतोय."

अक्का त्यांच्यामागं येऊन बसली. हात चोळल्याचा आवाज आला. मुकुंदरावांनी डोळे मिटले, रडू आलं तर येऊ दे म्हणून अंग सैल सोडलं. तळहाताची ऊब सदऱ्यातून खांद्याच्या अगदी जवळ आली, आणि तिथंच थांबली. "नको," अक्का म्हणाली. "आज नाही लावायची हात. आज लावला तर तुला तसंच जावं लागेल. 'येतो' म्हणता यायचं नाही, मागं बघता यायचं नाही. आज तू घरातला न्हाईस मुकुंदा, आज तू जायलास." तिनं हात मागं घेतले आणि पदराला पुसले. "राहू दे दुखत थोडं. ये मग दाखवायला."

मुकुंदराव उठले. कोट घातला; अक्कानं उजवी बाही धरून दिली, खांद्याला न लागता. ते वाकले, पाया पडले आणि म्हणाले, "येतो, अक्का." म्हटलं खरं, पण पाय उचलेनात. पाटाकडे बघितलं, देवळीकडे बघितलं, पुन्हा म्हणाले, "येतो." रिक्षावाल्यानं घंटी वाजवली. इंदुमतीनं हाक मारली. ते दाराच्या चौकटीला डावा हात लावून तसेच उभे. सोडवत नव्हतं, आणि अक्काला ते दिसत होतं.

"मुकुंदा," तिनं विचारलं, "डब्यात इंदूनं काय दिलंय रे?"

"काय देणार? दशम्या आहेत," मुकुंदराव म्हणाले, "दाण्याची चटणी, आणि सकाळचीच ती वांग्याची—"

रिक्षा चालू लागली होती. इंदुमती शेजारी होती, डबा मांडीवर होता, आणि आपण ओट्याच्या पायऱ्या कधी उतरलो, कोपराला कुणी धरलं, कुणी वर बसवलं, त्यांना काही आठवेना. गल्लीच्या तोंडाशी आल्यावर त्यांच्या ध्यानात आलं. ते एकदम वळले. आज वळायची परवानगी होती. अक्का दारात उभी होती आणि त्यांच्याकडेच बघत होती. ओट्यावर एक अनोळखी बाई, एक हात दुसऱ्या हातानं धरून, मुठीत चुरगळलेला इश्तिहार घेऊन येऊन उभी राहिली होती. अक्कानं मुकुंदरावांना आणखी थोडं बघून घेतलं आणि मग त्या बाईला आत जायला वाट दिली. मुकुंदरावांनी हात वर करायला घेतला, कळ आली, तरी तो त्यांनी वर केला. "दुखतोय का हो फार?" इंदुमतीनं विचारलं. "हो," ते म्हणाले, आणि हा खांदा औरंगाबादच्या कुठल्याही डॉक्टरला दाखवायचा नाही असं त्यांनी ठरवून टाकलं.